भुंग्याचा घसा

आवाज तुटला तेव्हा द्वारका चहा गाळत होती. थांबला नाही, तुटला. थांबणं तिला ओळखता यायचं. वसंतरावांचं वाजवून झालं की शेवटचा सूर हळूहळू खाली बसायचा, आणि तो पुरता बसला की ती कप घेऊन बाहेरच्या खोलीत जायची. आज सूर मध्येच गेला. आधी खरखरला, मग घसा खाकरावा तसा दोनदा खाकरला, आणि मग खिडकीतून जयपूरच्या सोडाला भागातल्या रस्त्यावरचे हॉर्न आत आले. इतके दिवस हे हॉर्न आपल्याला ऐकूच येत नव्हते, हे तिच्या लक्षात आलं. म्हणजे ते वाजत असणारच. ती गाळणी तशीच धरून पुढच्या सुराची वाट पाहत राहिली, आणि कप भरून चहा बशीत उतरला, बशीतून ओट्यावर गेला, तरी तिचा हात वर उचलला गेला नाही.

बाहेर वसंतराव दिवाणावर बसले होते. मांडीवर आडवी ठेवलेली गिटार, डाव्या हातात स्टीलची दांडी, आणि डावा पाय जमिनीवरच्या ॲल्युमिनियमच्या डब्यावर. डब्याचं बटण ते पायाने पुन्हा पुन्हा दाबत होते. दर दाबण्याला टक् असा आवाज यायचा आणि पुढे काही नाही. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "चला," ते म्हणाले.

चला म्हणजे हा बंद पडला. दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, आणि तोंडातले सगळे शब्द गेले. एवढा एकच कसा कोण जाणे मागे राहिला. पाणी हवं म्हणजे चला. दिवा मालवा म्हणजे चला. कोण आलंय, नको, दुखतंय, सगळ्याला चला. उभा जन्म मालगाडीच्या मागच्या डब्यात उभं राहून हिरवा झेंडा दाखवलेल्या माणसाच्या तोंडात शेवटी हाच शब्द राहावा, याचं द्वारकेला सुरुवातीला हसू यायचं, आणि हसू आल्याची लाज वाटायची. बोलणं शिकवायला एक मुलगी यायची, सोनम नावाची, गोड, लांब वेणीची. ती चित्रांचे पत्ते दाखवायची. कप, घड्याळ, कुत्रा. "अंकलजी, ये क्या है? बोलिए, घ... घड़ी." वसंतराव मुकाट बघत. एकदा तिने रेल्वेगाडीचं चित्र काढलं. त्यांनी ते पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं ते ती जाईपर्यंत.

द्वारका त्यांच्यापाशी खाली बसली. "बघू," ती म्हणाली, "मला दाबू द्या." तिने हाताने बटण दाबलं. टक्. तिला बोटांखाली डब्याचा जुना पोचा लागला. तो तिचाच डबा होता. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये नवी नवरी म्हणून आली तेव्हा आईने दिलेल्या भांड्यांतला एक, झाकणाचा, भाजीचा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि एक दिवस डबा सापडेना. संध्याकाळी ती शोधत शोधत मागच्या अंगणात गेली, तर नवरा खाटेवर बसून डब्याला भोकं पाडत होता. शेजारी कुठल्याशा मासिकातून उतरवून घेतलेली आकृती, वायरींचे तुकडे, आणि टोपीसारखे दोन लहान धातूचे ठिपके, प्रत्येकाला केसांएवढे बारीक तीन-तीन पाय. "हे काय?" "ट्रान्झिस्टर." "आणि माझा डबा?" "डबा आता वाजणार आहे," ते म्हणाले. तेव्हा ते रेल्वे इन्स्टिट्यूटच्या ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. गोड, पातळ, तरंगता आवाज. ती ऐकायला जायची तेव्हा बायका तिच्याकडे वळून पाहायच्या. गिटारची वायर त्या डब्यातून स्पीकरला जोडली तेव्हा मात्र जो आवाज निघाला तो ऐकून तिने आधी गॅस बघितला. मग ती दाराशी येऊन म्हणाली, "ह्याच्या घशात भुंगा अडकलाय की काय?" ते एवढे खूश झाले की आकृतीच्या कागदावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहूनच टाकलं, भुंगा. ऑर्केस्ट्रातल्या लोकांनी एकदा ऐकला आणि हात जोडले. गणपतीसमोर हा वाजवला तर मंडप रिकामा होईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणून भुंगा घरातच राहिला. बदली कोट्याला झाली, मग जयपूरला, तेव्हा तो तिच्या जुन्या साडीत गुंडाळून भांड्यांबरोबर आला. जयपूरच्या मे महिन्यात त्याचा आवाज बसायचा. "ह्याला ऊन लागतं," वसंतराव म्हणायचे, आणि डबा कूलरसमोर स्टुलावर ठेवायचे, वर ओला रुमाल. मैथिली तेव्हा लहान होती. ती मैत्रिणींना सांगायची, हमारे घर में एक डब्बा है, उसको लू लगती है. मग ड्यूट्या वाढल्या, मैथिलीच्या परीक्षा आल्या, घर घेतलं, आणि गिटार कपाटामागे गेली. भुंगा टीव्हीखालच्या खणात गेला. कोणी ठरवून ठेवला नाही. गेला.

तो परत निघाला तो या फेब्रुवारीत. द्वारका भाजी घेऊन जिना चढत होती, आणि वरून तो आवाज आला. तिला वाटलं टीव्ही बिघडला. दार उघडलं तर वसंतराव दिवाणावर, गिटार मांडीवर, आणि घरभर वायरी. एका हाताने हे सगळं त्यांनी कसं काढलं, कसं जोडलं, तिला आजही कळलेलं नाही. उजव्या हाताचा अंगठा तेवढा थोडा हलायचा. त्याने ते तार छेडत नव्हते, नुसती शिवत होते. नुसत्या गिटारवर असं शिवलं की सूर उमटता उमटता विझायचा. भुंगा मात्र तेवढ्यावर सूर धरायचा आणि सोडायचाच नाही. मग डावा हात, ज्याला काहीच झालं नव्हतं, ती स्टीलची दांडी घेऊन त्या धरलेल्या सुरावरून जायचा. वर, खाली, मध्येच थांबून, थरथरून. ती दारात पिशव्या घेऊन उभी होती. सूर वर गेला, टोकाशी किंचित वाकला, आणि तिथेच थांबून राहिला. "भेंडी नाही मिळाली," ती म्हणाली, "गवार आणली." सूर घसरत थेट खाली गेला. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. गवार त्यांना कधीच आवडली नव्हती.

त्यानंतर घर बोलायला लागलं. स्वयंपाकघरात उभी राहून तिला कळायचं, पेपर आलाय, पेपरात काहीतरी चीड आणणारं आहे, ऊन दिवाणापर्यंत आलंय आणि पडदा ओढायला हवा, समोरच्या गच्चीवर पुन्हा माकडं आलीत. कसं कळायचं ते तिला सांगता आलं नसतं. सोनमला तिने एकदा सांगायचा प्रयत्न केला. सोनम म्हणाली, "हाँ आंटीजी, म्युझिक से मन हल्का होता है." मन हलकं होण्याचा प्रश्न नव्हता. माकडांचा प्रश्न होता.

आणि आता ते टक्. दुपारी वसंतरावांनी डबा मांडीवर घेतला आणि तिला झाकणाच्या स्क्रूंकडे बोट दाखवलं. झाकण निघालं. आत इतकं थोडं सामान होतं की तिला नवल वाटलं. एवढ्याशा गोष्टीतून एवढा माणूस बोलत होता. ते दोन ठिपके एकमेकांशेजारी बसलेले. वसंतरावांनी डब्याला बॅटरी जोडायला लावली, एका ठिपक्यावर बोट टेकवलं तेव्हा स्पीकर गुणगुणला, दुसऱ्यावर टेकवलं तेव्हा नाही, आणि त्यांनी मान हलवली. दुसरा गेला होता. तो काढण्यासाठी सोल्डरिंगचं आयर्न तापवावं लागलं. ते त्यांनी डाव्या हातात घेतलं, पण डावा हात लिहिण्याचा, टाके घालण्याचा हात नव्हता. टोक भलतीकडेच जायला लागलं. त्यांनी आयर्न तिच्याकडे केलं. द्वारकेने आजवर असलं काही हातात धरलं नव्हतं. "मी?" "चला." तिने टोक टेकवलं, राळेचा धूर नाकात गेला, आणि तीन पाय एकेक करून सुटले. तो मेलेला ठिपका तिने टिकल्यांच्या रिकाम्या डबीत ठेवला. भिंग लावून त्याच्या अंगावरची पुसट अक्षरं वाचली. एसी एकशे अठ्ठावीस.

जयंती मार्केटला, रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांच्या बाजारात, ती एकटी कधी गेली नव्हती. एकटी कुठेच फारशी गेली नव्हती, असं ई-रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं. मंडी, देऊळ, मैथिलीची शाळा, आणि अलीकडे दवाखाना. बाकी सगळं जयपूर तिने वसंतरावांच्या मागे बसून पाहिलं होतं, म्हणजे अर्धं त्यांची पाठ आणि अर्धं जयपूर. मार्केटमध्ये जिकडे तिकडे मोबाइलची कव्हरं लटकत होती, हिरवी, गुलाबी, चमकीची. ती डबी मुठीत धरून एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जात होती. ट्रान्झिस्टर म्हटलं की लोक रेडिओ समजायचे. "माताजी, अब रेडियो कौन सुनता है." शेवटी कोणीतरी वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथे भिंतभर छोटे छोटे खण असलेलं दुकान होतं, आणि काउंटरमागे पवन नावाचा माणूस, चष्मा कपाळावर, एकीकडे फोनवर बोलत. त्याने डबी उघडली आणि फोन खाली ठेवला.

"अरे वाह. ये कहाँ से लाए आंटीजी?"

"घर से. ऐसा ही चाहिए."

"ऐसा अब नहीं आता. जर्मेनियम है ये, पुराना माल. बनना ही बंद हो गया." त्याने एक खण ओढला, काळे, अर्धगोल, प्लॅस्टिकचे ट्रान्झिस्टर मुठीने काढले. "इसका सब्स्टिट्यूट ले जाओ. सिलिकॉन. गर्मी-वर्मी कुछ नहीं लगती इसको."

"आवाज़ वैसी ही आएगी?"

"उससे साफ़ आएगी."

द्वारकेला साफ आवाज हवा होता की नाही, हे तिलाच माहीत नव्हतं. "और एकदम वैसा ही चाहिए तो?" पवन हसला. "तो फिर किसी का पुराना रेडियो ढूँढो. साठ-सत्तर वाला. उसके पेट में मिलेगा." तिने ते काळे घेतले. परत येताना रिक्षा मेट्रोच्या खांबांखालून चालली होती, खांबाची सावली, ऊन, पुन्हा सावली, आणि तिच्या डोक्यात बदली हा शब्द घोळत होता. वसंतराव तापाने पडले की त्यांच्या गाडीवर बदली गार्ड जायचा. गाडी वेळेवर निघायची, वेळेवर पोचायची. "गाडीला काय," ते पांघरुणातून म्हणायचे, "कोणीही चालतो." पण त्या दिवशी ते पुन्हा पुन्हा घड्याळ बघत, आणि ती गाडी जिथे असायला हवी त्या स्टेशनचं नाव मोठ्याने घेत. ती म्हणायची, झोपा आता, तो नेतोय ना. ते म्हणायचे, नेतोय, पण त्या वळणावर तो मागे बघणार नाही. कुठल्या वळणावर, ते तिने कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं तिला आता वाटलं. आता ते सांगू शकले नसते.

काळा बदली लागला. तिनेच लावला. वसंतरावांनी डाव्या हातात चिमटा घेऊन त्याचा पाय धरून ठेवला, आणि मानेने तिला सांगत राहिले, इथे, पुरे, उचल. तिचा टाका ओबडधोबड झाला, पण झाला. त्यांनी बटण दाबलं आणि अंगठ्याने तार शिवली. आवाज आला, आणि चांगला मोठा आला. धारदार, लख्ख, कुठे खरखर नाही. टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या मुलीसारखा. द्वारकेने टाळीच वाजवली. "बघा! आला की नाही? शाबास!" वसंतरावांनी दांडी एकदा वर नेली, एकदा खाली आणली. मग ती हळूच तारांवर आडवी ठेवून दिली, आणि गिटारवर कापड ओढून घेतलं.

त्यानंतर ते काही म्हणाले नाहीत. चलासुद्धा फारसं नाही. द्वारका त्यांच्याशी बोलत राहिली, कारण कोणीतरी बोलायला हवंच होतं. ती छान बोलायची. दुखण्यापासून सगळेच त्यांच्याशी छान बोलत होते. "आज किती छान बसलात!" "सगळी पोळी खाल्लीत? वा!" आपलाच आवाज तिच्या कानावर पडायचा आणि बालवाडीतल्या बाईंसारखा वाटायचा. आधी ती अशी नव्हती. तेही नव्हते. मिठापासून सरकारपर्यंत कशावरही दोघांचं जुंपायचं, आणि मैथिली दोन्ही कानांत बोटं घालून अभ्यास करायची. आता घरात सगळं मऊ झालं होतं. पाय टाकावा तिथे गादी. ती भाजीत मीठ विसरली तरी ते गप्प खायचे. एकदा तर तिने मुद्दाम गवार केली. त्यांनी खाल्ली. ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली, आणि बराच वेळ नळ सोडून ताटच धूत राहिली.

मैथिली पुण्याहून रोज फोन करायची. "आई, मी ऑनलाइन नवीन मागवते ना. रेडीमेड मिळतो. बाबांना काय, आवाज आला म्हणजे झालं."

"आवाज आलाय गं. पण तो नाही."

"मतलब? आवाज तर आवाज."

"तुला फोनवर कसं कळतं मी बोलतेय म्हणून?"

"नाव येतं ना तुझं," मैथिली म्हणाली. आणि मग, "बरं. कळलं. पण मग करणार काय तू?"

काय करणार ते द्वारकेला त्याच क्षणी सुचलं. सुलोचनाकडे रेडिओ होता. सुलोचना म्हणजे सुभेदारांची बायको, मूळची साताऱ्याकडची. नवऱ्याची शेवटची पोस्टिंग इथल्या छावणीत होती. ते गेल्यावरही ती सिव्हिल लाइन्सजवळच्या छोट्या फ्लॅटमध्ये एकटीच राहिली. हळदीकुंकवाला तिच्याकडे गेलं की बाहेरच्या खोलीत शोकेसवर तो रेडिओ दिसायचा, लाकडी, क्रोशाचं कव्हर घातलेला, वर प्लॅस्टिकची फुलं. द्वारकेने फोन केला आणि काय हवंय ते न सांगताच येते म्हणाली. तिथे पोचल्यावर मात्र तिने विषयच काढला नाही. दुसरीच्या घरी जाऊन तिच्या नवऱ्याच्या रेडिओचं पोट फाडू दे असं कसं म्हणायचं? तिने सरबत प्यायलं, मुलाची चौकशी केली, उन्हाबद्दल बोलली. शेवटी पर्समधून डबी काढून तिने सुलोचनासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. भुंगा, काळा बदली, गवार, सगळं.

सुलोचनाने डबीतला ठिपका बोटावर घेतला, डोळ्यांजवळ नेला. "एवढाच?" ती म्हणाली. "मग घे की. किती लागतात?" आणि उठून तिने फुलं बाजूला ठेवली, कव्हर काढलं. कव्हराखालचं लाकूड नव्यासारखं होतं. मागचा पुठ्ठा उघडायला स्क्रू ड्रायव्हर सापडेना. शेवटी बटाटे सोलायच्या सुरीच्या टोकाने दोघींनी मिळून तो उघडला. आत धुळीचा मऊ थर, कोळ्याचं एक जुनं जाळं, आणि त्यात ते ठिपके, टोप्या घातलेले, रांगेत. सुलोचना फुंकर मारत म्हणाली, "सुभेदार ह्याला हात लावू द्यायचे नाहीत कोणाला. मी पुसायला घेतला तरी ओरडायचे, सुई हलेल म्हणून. एकच स्टेशन लागलेलं असायचं." मग ती द्वारकेकडे वळली. "काढ सगळे. पण झाकण परत नीट लाव हां. वरून दिसायला जसाच्या तसा पाहिजे." द्वारकेने आयर्न बरोबर आणलं होतं. ती टाके सोडवत होती आणि सुलोचना टॉर्च धरून उभी होती, आणि मध्येच म्हणाली, "काय गं, तुला येतं की हे सगळं." द्वारका थबकली. आपल्याला येतं, हे तिच्या मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाआधीच ती ठिपके घेऊन वसंतरावांसमोर बसली. त्यांनी ते तळहातावर घेतले, एकेक उलटा करून पाहिला, आणि गिटारवरचं कापड स्वतःच बाजूला केलं. पहिला लावला. तो एसी एकशे अठ्ठावीसच होता, अक्षरं स्पष्ट. त्यांनी चिमट्याने पाय धरला, तिने टाका घातला. आवाज आला तो इतका गोल, इतका भरलेला, की द्वारकेच्या अंगावर काटा आला. जुना भुंगाही कधी असा बोलला नव्हता. सुराला कुठे कोपरा नव्हता. वर गेला तरी तुपासारखा, खाली आला तरी तुपासारखा. "हा!" ती म्हणाली. "हाच. लावून टाकू झाकण." वसंतराव काही क्षण वाजवत राहिले. मग त्यांनी तिच्यासमोर दुसरा धरला. त्याच्यावरची अक्षरं पुसली होती, टोपीला एका बाजूला पोचा होता. "कशाला?" ती म्हणाली. "हा छान आहे ना?" त्यांनी दुसरा पुढे केला.

तिने पहिला सोडवून दुसरा लावला. हा खरखरत सुरू झाला. सूर धरायचा, पण त्याच्या कडा फाटक्या, आणि शेवटाकडे जाता जाता तो अडखळायचा. एकदा, दोनदा, जिना चढताना दम लागावा तसा, आणि मग फटकन तुटायचा. वसंतरावांचा चेहरा बदलला. त्यांनी दांडी वर नेली, सुराला अडखळू दिलं, आणि जिथे तो तुटला तिथूनच पुढचा उचलला. पुन्हा. पुन्हा. अडखळणं आता सुराच्या मध्येच कुठेतरी येत होतं आणि ते त्याला ओलांडून पुढे जात होते. त्यांचं वाजवणं असं तिने कधीच ऐकलं नव्हतं, ऑर्केस्ट्रातही नाही.

"नाही," द्वारका म्हणाली. "हा अडकतो. पहिलाच लावू."

त्यांनी मान हलवली. नाही.

"अहो, तो किती गोड होता. हा काय, सारखा ठेचकाळतोय. काढते मी." तिने डब्याकडे हात नेला. वसंतरावांनी डावा पंजा डब्यावर ठेवला. चांगला जोरात ठेवला. "चला!" ते म्हणाले.

"चला काय! एवढ्या लांब जाऊन मी आणला, बाईच्या रेडिओचा कोथळा काढून आणला, आणि तुम्हाला त्यातला फुटकाच पाहिजे? जन्मभर हेच. बाजारातून चांगलं आणलं की तुम्हाला डागाळलेलं आवडणार. माझ्या कानाला काही किंमत आहे की नाही?"

त्यांनी पंजा काढला, तार शिवली, आणि सूर असा काही फेकला की खिडकीची काच थरथरली. ते तिच्या मते सरळ सरळ उलट उत्तर होतं. तिने तेवढ्याच मोठ्याने सांगितलं की ओरडू नका माझ्यावर. सूर आणखी वर गेला, अडखळला, तुटला, पुन्हा उठला. ती भुसावळच्या डब्यापासून सुरू झाली. कोट्याच्या क्वार्टरमधलं कपाट, मैथिलीच्या लग्नातला मंडपवाला, तेव्हा कोणी कोणाचं ऐकलं नव्हतं ते सगळं तिने काढलं. प्रत्येक गोष्टीला तिकडून फाटक्या आवाजात जबाब येत होता, आणि प्रत्येक जबाब तिला शब्द न शब्द कळत होता, आणि त्यातला एकही तिला पटत नव्हता. "ठीक आहे," ती शेवटी म्हणाली, "राहू दे तोच. मी काही आता पुन्हा टाका घालणार नाही." तिने आयर्नचा प्लग खसकन उपटला. तिचा पदर घसरला होता आणि कपाळावर घाम आला होता. दिवाळीनंतर या घरात एवढ्या मोठ्याने कोणी बोललं नव्हतं.

बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधला नीरज होता, बँकेत जाण्याच्या कपड्यांत, घाबरलेला. "आंटीजी, सब ठीक है? बहुत आवाज़ आ रही थी... अंकलजी की तबीयत..."

"तबीयत ठीक है," द्वारका म्हणाली. तिला हसू येत होतं आणि ते दाबायची तिला गरज वाटत नव्हती. "कुछ नहीं हुआ. झगड़ा चल रहा है हमारा."

"झगड़ा?" नीरजने तिच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. मुका झालेला म्हातारा दिवाणावर गिटार घेऊन ताठ बसला होता, कान लाल.

"हाँ," ती म्हणाली. "अभी खत्म नहीं हुआ."

तिने दार लावलं, पदर कमरेला खोचला, स्टूल ओढून त्यांच्यासमोर नीट बसली.

"हं," ती म्हणाली. "काय म्हणत होतात तुम्ही?"